वाहत्या पाण्याचे अमूर्त फोटो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस सुरू झाला की पाण्याच्या फोटोंबद्दलचे प्रश्नही सुरू होतात, आणि त्यातले बरेचसे दरवर्षी तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. रोजच्या जागी, रोजच्या पाण्यातून, फक्त रेषा, रंग आणि पोत उरेल असा फोटो कसा काढायचा, एवढाच विषय आहे.

यासाठी धबधबा गाठायलाच हवा का?

नाही. सुरुवात धबधब्यापासून करूच नका, असं मी सांगेन. माळशेजचा किंवा आंबोलीचा धबधबा इतका मोठा आणि इतका ओळखीचा असतो, की बघणारा ‘धबधबा’ म्हणतो आणि पुढे सरकतो. घराजवळचं पाणी लहान असतं, त्याच्या अगदी जवळ जाता येतं, आणि चौकटीत काय ठेवायचं हे तुमच्या हातात राहतं.

कौलांवरून गळणाऱ्या पागोळ्या, गच्चीवरून खाली आलेल्या पाइपचं तोंड, रस्त्याच्या कडेने उताराला लागलेला ओहोळ, उसाच्या सरीत सोडलेलं मोटारीचं पाणी, एसटीच्या काचेवर तिरके पळणारे थेंब, भरून वाहणारी टाकी. पावसाळा संपला तरी नळ आहे, कॅनॉल आहे, नदीचा घाट आहे.

पाणी धूसर केलं की फोटो अमूर्त होतो का?

होत नाही. सगळ्यात जास्त गैरसमज याच बाबतीत आहे. रेशमासारखं मऊ पाणी आणि बाजूला झाड, दगड, पूल दिसत असेल तर तो निसर्गचित्राचाच फोटो झाला, फक्त शटर मंद ठेवून, म्हणजे जास्त वेळ उघडं ठेवून, काढलेला. अमूर्त व्हायला तीन गोष्टी चौकटीबाहेर जाव्या लागतात : क्षितिज, काठ, आणि आकारमानाचा अंदाज देणारी कुठलीही वस्तू.

वाईच्या घाटावर कृष्णेचं पाणी पायरीवरून घसरत खाली येतं ते बघा. फोटोत पायरीचा कोपरा किंवा कुणाची चप्पल आली की पाणी किती खोल, किती रुंद, हे बघणाऱ्याला लगेच कळतं. चौकट आणखी आत घ्या, नुसता घसरणारा थर ठेवा. आता ते बोटभर पाणी आहे की दोन मजली उंचीवरून कोसळणारं, हे सांगता येत नाही. ही संदिग्धता चौकटीने आणली, शटरने नाही. १/२००० सेकंदाच्या शटरला थिजवलेलं पाणीही पूर्ण अमूर्त होऊ शकतं.

म्हणून कुठलाही आकडा ठरवायच्या आधी कॅमेऱ्यातून बघत बघत पुढे सरका, आणि ‘हे पाणी आहे’ हे कळायला बघणाऱ्याला क्षणभर लागेल अशा ठिकाणी थांबा. आपल्याकडे बहुतेक जण एक पाऊल मागे उभे राहून फोटो काढतात.

मग शटर स्पीड किती ठेवायचा?

पाण्याचा वेग किती, आणि ते चौकटीतला किती भाग ओलांडतं, यावर ते ठरतं. एकच आकडा सगळीकडे चालत नाही, पण अंदाज बांधता येतो.

नळापासून सुरू करा. नळ बारीक सोडा आणि धारेकडे नीट बघा. तोटीजवळ ती काचेच्या कांडीसारखी गुळगुळीत असते. खाली कुठेतरी ती थरथरायला लागते, आणि त्याखाली खरं तर धार उरतच नाही, सुटे थेंब पडत असतात. पाण्याचा पृष्ठताण धारेला चिमटे काढत जातो आणि शेवटी तिचे तुकडे करतो. डोळ्याला हे दिसत नाही, दोरीच दिसते. १/२००० ला फोटो काढलात की एकेक थेंब वेगळा दिसतो : एक लांबट, पुढचा चपटा, मध्ये मोहरीएवढा एखादा चुकार थेंब. तीच धार १/१५ ला काढा, थेंब गायब होतात आणि खालपर्यंत एक पारदर्शक पीळ उरतो. या दोन फोटोंमध्ये एकच वस्तू आहे हे कुणाला पटणार नाही. तीस सेंटिमीटर पडल्यावर थेंबाचा वेग सेकंदाला साधारण २.४ मीटर होतो. म्हणजे १/१०० सेकंदात तो जवळजवळ अडीच सेंटिमीटर सरकतो आणि १/२००० मध्ये जेमतेम एक मिलिमीटर. हे गणित एकदा डोक्यात बसलं की नळासमोर अंदाज चुकत नाही.

पावसाचं तसंच. दोन मिलिमीटरचा थेंब सेकंदाला सहा-सात मीटर वेगाने पडतो. १/६० ला त्याची साधारण दहा सेंटिमीटरची रेघ येते, १/५०० ला सेंटिमीटरभर. पण पाऊस दिसायचा असेल तर मागे काहीतरी गडद हवं आणि उजेड समोरून किंवा तिरका हवा. पांढऱ्या आभाळासमोर पाऊस फोटोत उमटतच नाही, मग शटर काहीही ठेवा.

ओहोळ, पाट, घाटाच्या पायऱ्या यांसाठी १/८ ते १/२ सेकंद हा पट्टा मला सगळ्यात आवडतो. पाण्याचे धागे सुटे दिसतात, त्यांची दिशा कळते, आणि तरीही पाण्याला वजन राहतं. समुद्राची लाट वाळूवरून परतताना पाव ते एक सेकंद. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइट या खनिजाची काळी वाळू पांढुरक्या वाळूत मिसळलेली असते, आणि परतणारं पाणी तिची तिरकी नक्षी काढत जातं. लाट फुटत असताना नाही, ती मागे जायला लागल्यावर बटण दाबा.

तीस सेकंदांचं एक्स्पोजर, म्हणजे शटर तीस सेकंद उघडं? त्यात पाण्याचं धुकं होतं. सुंदर दिसतं, पण कुठल्याही पाण्याचं सारखंच दिसतं. पाण्याचा स्वभाव त्यात राहत नाही, म्हणून मी ते फार वापरत नाही.

मंद शटरमध्ये सगळंच पुसलं जातं. काहीतरी धारदार राहावं यासाठी काय करू?

वाहत्या पाण्यात जागच्या जागी उभे असणारे तरंग शोधा. ओहोळात काडी रोवलेली असेल, दगडाचं टोक वर आलेलं असेल, तर त्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे पाणी जिकडून येतं तिकडे, अगदी बारीक समांतर सुरकुत्या दिसतात. पाणी पुढे जात असतं आणि सुरकुत्या तिथेच असतात. पाण्यावरच्या तरंगांचा किमान वेग सेकंदाला सुमारे २३ सेंटिमीटर असतो. प्रवाह त्याहून जोरात असेल तेव्हाच त्या दिसतात, कारण तरंग जितक्या वेगाने वर चढू बघतात तितक्याच वेगाने पाणी त्यांना खाली ढकलतं. या सुरकुत्या पाव सेकंदाच्या एक्स्पोजरमध्येही टिकतात. वरून वाहणाऱ्या फेसाचे धागे होतात, खाली सुरकुत्या कोरल्यासारख्या राहतात. एकाच फोटोत गती आणि स्थैर्य मिळवायचा याहून चांगला मार्ग मला ठाऊक नाही, आणि त्यासाठी रस्त्याकडेचा वीतभर रुंदीचा ओहोळ पुरतो.

दिवसाउजेडी एवढा मंद शटर कसा मिळणार? फोटो पांढरा पडतो.

स्वच्छ उन्हात आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) १०० आणि एफ १६ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच लहान असताना, शटर साधारण १/१०० येतो. एनडी फिल्टर म्हणजे उजेड कमी करणारी गडद काच, आणि एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. तीन स्टॉपचा फिल्टर लावला तर शटर १/१२ होतो, सहा स्टॉपच्या फिल्टरने सुमारे ०.६ सेकंद, आणि दहा स्टॉपच्या फिल्टरने दहा सेकंद. एकच फिल्टर घ्यायचा असेल तर सहा स्टॉपचा घ्या. दहा स्टॉपचा घेणारे बरेच जण तो बॅगेत ठेवून देतात, कारण त्यातून चौकटच नीट दिसत नाही.

पण पावसाळ्यात आभाळ भरून आलं की उजेड आपोआप तीन स्टॉपने कमी होतो, म्हणजे फिल्टर न लावताच १/१२ मिळतो. झाडाखाली किंवा संध्याकाळी त्याहूनही मंद. फिल्टरसाठी पैसे साठवत बसू नका, ढगाळ दिवशी बाहेर पडा. एफ २२ मात्र टाळा. छिद्र इतकं लहान झालं की प्रकाश कडांवरून पसरतो आणि सगळा फोटो मऊ पडतो.

मोबाइलवर जमेल का?

जमतं, आणि डबक्यांच्या बाबतीत मोबाइल कॅमेऱ्याहून सरस आहे. तो उलटा धरा म्हणजे लेन्स खाली येते, आणि पाण्यापासून दोन बोटांवर न्या. डबक्याचं तळं होतं. एवढ्या खाली मोठा कॅमेरा नेता येत नाही.

आयफोनवर लाइव्ह फोटो चालू ठेवून काढलेल्या चित्राला नंतर लाँग एक्स्पोजरचा परिणाम देता येतो. ही सोय २०१७ मध्ये आयओएस ११ बरोबर आली. लाइव्ह फोटोत साधारण तीन सेकंदांची हालचाल साठते, म्हणून तेवढा वेळ हात स्थिर हवा. अनेक अँड्रॉइड फोनवर प्रो मोडमध्ये शटर स्वतः ठरवता येतो. अडचण अशी की बहुतेक फोनचं अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, बदलत नाही, त्यामुळे उन्हात मंद शटर ठेवला की चित्र जळतं. सावली, ढग किंवा तिन्हीसांज हवी. शिवाय फोन स्वतःहून चित्र धारदार करतो आणि पाण्याचा पोत खरखरीत करून टाकतो. फोनमध्ये रॉ (फोनने काहीच बदल न केलेली फाइल) असेल तर तेच वापरा.

डबक्यातलं प्रतिबिंब धारदार येत नाही. फोकस पाण्यावरच ठेवतो आहे.

म्हणूनच येत नाही. प्रतिबिंब पाण्याच्या पृष्ठभागावर नसतं. कॅमेऱ्यापासून पाणी दीड मीटरवर असेल आणि तिथून इमारत वीस मीटर लांब असेल, तर प्रतिबिंबाचा फोकस साडेएकवीस मीटरला आहे. पाण्यावर फोकस केला तर तरंगणारं पान, धूळ, फेस धारदार येतो आणि इमारतीचे रंग त्याखाली मऊ पसरतात. इमारतीवर केला तर पृष्ठभाग नाहीसा होतो.

हे दोन पूर्ण वेगळे फोटो आहेत, आणि कुठला हवा हे आधी ठरवायचं. अमूर्तासाठी मी बहुधा पृष्ठभाग धरतो. बघणाऱ्याला पाण्याची कातडी हाताला लागल्यासारखी वाटते आणि रंग कशाचे आहेत हे कोडं राहतं.

रंग कुठून आणायचे? माझं पाणी नेहमी मातकट दिसतं.

स्वतः सावलीत असलेलं आणि उन्हातली वस्तू परावर्तित करणारं पाणी शोधा. बाकी काही विसरलात तरी हे विसरू नका. पाण्यावर थेट ऊन पडलं तर तळातला गाळ उजळतो आणि तेच दिसतं. पाणी सावलीत असेल तर तळ काळोखात जातो आणि समोरच्या उन्हातल्या भिंतीचा रंग पाण्यावर पूर्ण उमटतो. पेठेतल्या अरुंद गल्लीत सकाळी एका बाजूची भिंत उन्हात आणि रस्ता सावलीत असतो. तिथलं पाणी बघा. बंदरात सकाळी होड्यांच्या रंगवलेल्या कडा, झेंडे, ताडपत्र्या असतात. नाशकात गोदावरीच्या काठावर वाळत टाकलेल्या साड्या असतात.

मग वारा हवा, पण थोडाच. प्रत्येक लहान लाटेचा तुमच्याकडे झुकलेला उतार वरचं आभाळ दाखवतो आणि पलीकडचा उतार समोरची भिंत. म्हणून भिंत पिवळी असेल तर निळ्या आणि पिवळ्याच्या पट्ट्या आळीपाळीने येतात. १/२५० ते १/५०० ला या पट्ट्या कातरून ठेवल्यासारख्या येतात. १/१५ ला दोन्ही रंग एकमेकांत मिसळतात आणि बऱ्याचदा मळकट होतात. रंगासाठी जलद शटर, रेषेसाठी मंद, असं ढोबळमानाने धरायला हरकत नाही. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स (रंगछटा आपोआप जुळवणारी सोय) सावलीतला निळा रंग काढून टाकायला बघतो, तेव्हा तो उन्हावर स्थिर ठेवा.

पोलरायझर लावू का?

पोलरायझर म्हणजे चमक कमी करणारा, लेन्सवर फिरवता येणारा फिल्टर. आधी फिरवून बघा, मग ठरवा. पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांच्या कोनातून बघताना तो पाण्यावरची चमक जवळजवळ पूर्ण काढतो, आणि या प्रकारात अनेकदा चमक हाच विषय असतो. ओल्या काळ्या दगडावरचं पाणी किंवा स्वच्छ तळ हवा असेल तर उपयोगी. दीड-दोन स्टॉप उजेड कमी होतो तो वेगळा फायदा.

फेसाळ पाणी पांढरंफटक होतं, त्यात काहीच दिसत नाही.

चौकटीत गडद दगड जास्त असेल तर कॅमेरा तो उजळायला जातो आणि पाणी जळतं. एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप कमी करा आणि हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला चिकटलेला नाही ना ते बघा. जळलेला पांढरा भाग नंतर परत मिळत नाही. काळा भाग रॉमध्ये बराच उघडता येतो.

मोरीत नळाचे फोटो काढले तर आडवे पट्टे येतात.

आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून जुन्या पद्धतीची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंदावते. शटर १/१०० किंवा १/५० ठेवा. थेंब थिजवायचे असतील तर मोरीचा नाद सोडून खिडकीशी, दिवसाउजेडी पाणी सोडा.

ट्रायपॉड हवाच का?

मंद शटरला आधार हवा, ट्रायपॉडच हवा असं नाही. घाटाच्या कठड्यावर धान्याची छोटी पिशवी ठेवून त्यावर कॅमेरा टेकवला तरी अर्ध्या सेकंदापर्यंत काम होतं. ट्रायपॉड असेल तर त्याचे पाय वाहत्या पाण्यात उभे करू नका, पाणी पायांना कंप देतं. पुळणीवर तर प्रत्येक परतणारी लाट पायाखालची वाळू उकरून नेते. पाय आधीच खोल दाबून ठेवा.

आणि हात मुद्दाम हलवूनही फोटो होतात. पाण्याच्याच दिशेने, त्याच्याच वेगाने कॅमेरा फिरवला तर पाणी धारदार आणि काठ पुसलेला असं उलटं चित्र मिळतं. ते जमायला वेळ लागतो, पण जमलं की मजा येते.

हे सगळं नवीन आहे का?

अजिबात नाही. एकोणिसाव्या शतकात काचेच्या प्लेटा इतक्या संथ होत्या की वाहतं पाणी धुक्यासारखंच यायचं. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची लाट थिजवून दाखवली तेव्हा लोक थक्क झाले. काही चित्रांत आभाळासाठी त्यांनी वेगळी निगेटिव्ह वापरली होती. दुसऱ्या टोकाला अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेचे हॅरल्ड एजर्टन. दुधाचा थेंब पडल्यावर उमटणारा मुकुट दाखवणारा त्यांचा प्रसिद्ध रंगीत फोटो १९५७ चा. तो शटरने नाही, अतिशय अल्पकाळ चमकणाऱ्या फ्लॅशने साधला होता. आणि मंद शटरने रंगांची गती पकडायचं काम छायाचित्रकार अर्न्स्ट हास १९५० च्या दशकातच करत होते.

नदीवरचा प्रदूषणाचा फेस फार सुंदर दिसतो. त्याचा फोटो काढावा का?

हा प्रश्न विचारला जातो याचं मला बरं वाटतं. आळंदीला इंद्रायणीवर पांढऱ्या फेसाचे थर येतात, ते सांडपाण्यामुळे. लांबून ते ढगांसारखे दिसतात आणि मंद शटरमध्ये फेसाची अप्रतिम वलयं होतात. फोटो जरूर काढा. पण तो ‘शुभ्र स्वप्न’ वगैरे नावाने टाकू नका. नदीचं नाव, ठिकाण, तारीख आणि हा फेस कशाचा आहे हे फोटोखाली लिहा. अमूर्त फोटो संदर्भ काढून टाकतो, आणि इथे संदर्भ काढून टाकणं म्हणजे त्या पाण्याने आंघोळ करणाऱ्या वारकऱ्याला चौकटीबाहेर ढकलणं आहे. काढून टाकलेला संदर्भ शब्दांत परत द्यायची जबाबदारी आपली. जलपर्णीने झाकलेल्या पाण्यालाही हेच लागू.

घाटावर लोक असतात. त्यांना राग येतो का?

कॅमेरा त्यांच्याकडे रोखला आहे असं वाटलं तर येतो, आणि तो योग्यच आहे. बायका आंघोळ करत असतील, धुणं धूत असतील, तर आधी विचारा : “मावशी, मी फक्त पाण्याचा फोटो काढतोय, चालेल ना?” आणि काढल्यावर स्क्रीन दाखवा. पाण्यात नुसते रंगांचे पट्टे बघून लोकांना कुतूहलच वाटतं, आणि पुष्कळदा तेच सांगतात की पलीकडच्या पायरीवरून पाणी अजून छान पडतं. नाशकात रामकुंडावर अस्थिविसर्जन चालू असतं. तिथे कुणाचा विधी सुरू असेल तर कॅमेरा बॅगेत ठेवा. विचारूही नका.

पावसाळ्यात नदीकाठी काय सांभाळायचं?

तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस असू शकतो. पाण्याचा रंग अचानक गढूळ झाला, काटक्या आणि पाला वाहत यायला लागला, आवाज बदलला, की सामान आवरत न बसता वर चढा. धरणातून विसर्ग सुरू होणार असेल तर खालच्या गावांना इशारा दिला जातो, तो निघण्यापूर्वी बघा. पुण्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो. अशा वेळी मुठेच्या पात्रात उतरायचं नाही. शेवाळलेल्या पायरीवर रबरी चप्पल घालून उभं राहायचं नाही. मरीन ड्राइव्हच्या टेट्रापॉडवर (काँक्रीटच्या चौपायी ठोकळ्यांवर) उतरायचं नाही, लाट लहान असली तरीही. समुद्राकडे पाठ करून स्क्रीनमध्ये बघत बसायचं नाही. हे सगळं कुठल्याही फोटोपेक्षा महत्त्वाचं आहे. व्ह्यूफाइंडरमध्ये डोळा असताना बाजूचं दिसत नाही, म्हणून शक्य असेल तर सोबत एक माणूस घ्या, ज्याच्या हातात कॅमेरा नाही.

कॅमेऱ्याला दमटपणाने बुरशी लागते म्हणतात.

लागते, विशेषतः कोकणात आणि मुंबईत. ओला कॅमेरा तसाच बॅगेत बंद करून ठेवू नका. बॅगच ओली असते आणि बुरशीला तेच हवं असतं. घरी आल्यावर पुसून, पंख्याखाली वाळवून, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. डब्यात स्वस्तातला आर्द्रतामापक टाका आणि आकडा ४० ते ५० टक्क्यांत राहील असं बघा. समुद्रावरून आलात तर आधी साध्या पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाने खार पुसा, मग कोरड्याने.

निवड कशी करायची? सगळे फोटो सारखेच वाटतात.

सारखेच असतात, कारण पाणी दर क्षणी बदलतं आणि आपण बटण दाबत राहतो. त्याच दिवशी निवडू नका. निवडताना सगळे फोटो नखाएवढे लहान करून बघा. रेषांची मांडणी पक्की असेल तर लहान आकारातही नजर तिथे थांबते, आणि नुसता पोत असेल तर सगळं करडं दिसतं. कॉन्ट्रास्ट थोडा वाढवा, क्लॅरिटी (बारीक पोत ठसठशीत करणारी सोय) वाढवू नका. मंद शटरने मिळालेला मऊपणा तिने खरवडला जातो. रंग कमजोर असतील तर कृष्णधवल करून बघा, पण रंगांसाठीच काढलेला फोटो कृष्णधवल करून वाचत नाही.

प्रतिबिंबाचा फोटो उलटा करून लावला तर चालेल का?

चालेल. उलटा केला की इमारत सुलट होते आणि पाणी भिंतीवर लावलेल्या ओल्या कागदासारखं दिसायला लागतं. पण मग ओळख परत येते : खिडक्या, गच्ची, वायरी. ओळख नको असेल तर आडवा करून बघा. पागोळ्या आणि नळाच्या धारा आडव्या केल्या की गुरुत्वाकर्षणाची दिशाच हरवते, आणि पुष्कळदा तोच फोटो भिंतीवर लावण्याजोगा निघतो. कुठली बाजू वर, हे छापण्याआधी छोटी प्रत घेऊन चारही बाजूंनी फिरवून ठरवा. आणि छापायचं असेल तर चकचकीत कागदाऐवजी मॅट कागद घ्या. चकचकीत कागदावर खोलीतल्या दिव्याचं प्रतिबिंब पडतं आणि ते पाण्यातल्या प्रतिबिंबाशी भांडतं.